मामाची मांडी

गच्चीवर पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या, हळदीकुंकवाचं तबक, लेकराची नवी कुंची, सगळं जागच्या जागी होतं. कल्लाप्पा न्हावी आपली पिशवी उघडून केव्हाचा बसला होता आणि अधूनमधून जिन्याकडे बघत होता. अडलं होतं ते मामावर. मामा नव्हता असं नाही. मामा चांगला डॅलसहून विमानानं आला होता आणि खाली सोफ्यावर बसून चहा पीत होता. पण त्याच्या मांडीवर आपला मुलगा बसणार नाही, असं त्याच्या सख्ख्या बहिणीनं सकाळी उठल्या उठल्या जाहीर केलं होतं.

"तू त्याला बोलवलंस कशाला? तेही मला न विचारता?" भार्गवीनं आईला स्वयंपाकघरात गाठलं.

मथुराबाई पोळीत पुरण भरत होत्या. "मामाला जावळाला बोलवायला विचारायचं असतंय व्हय? तिसरं वर्ष सरायला आलं पोराला. अजून किती दिवस त्या जटा घेऊन हिंडायचं?"

"शिवकुमारला बोलव. लहानपणापासून त्याला राखी बांधते मी."

"शिवकुमार शेजारचा आहे की गं. सख्खा मामा घरात बसलेला असताना?"

"अण्णापेक्षा शिवकुमार बरा."

"हळू बोल. ऐकू जातंय बाहेर."

"जाऊ दे. ऐकावं म्हणूनच बोलायलेय."

मथुराबाईंनी हे सगळं ठरवून केलं होतं. बहीणभाऊ जूनपासून एकमेकांशी बोलत नव्हते. फोनवर समजूत काढून झाली, बनशंकरी देवीला नवस बोलून झाला. मग त्यांच्या डोक्यात आलं की जावळाला मामा लागतोच. पोर मामाच्या मांडीवर बसलं, डोक्यावर वस्तरा फिरायला लागला, की कुठली आई तिथं भांडेल? जीव मुठीत धरून बघत राहील, आणि तेवढ्यात राग उतरेल. म्हणून त्यांनी मुलीला सांगितलं, आपण घरचेच आहोत, बाकी कुणी नाही. आणि मुलाला सांगितलं, बहिणीनंच बोलवलंय तुला. काल संध्याकाळी निहार बॅगा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्यांच्या दोन्ही थापा एकदमच उघड्या पडल्या. बाई हुशार होत्या, पण आपल्या पोटच्या पोरीचा राग त्यांनी कमी धरला होता.

राग कशाचा ते घराला पाठ झालं होतं. भार्गवीची सासू एल्विरा तरुणपणी मेक्सिकोतून सीमा ओलांडून टेक्सासमध्ये गेली. कागद नव्हते. मुलगा राफाएल, म्हणजे भार्गवीचा नवरा, तिथंच जन्मला, म्हणून तो जन्मानंच नागरिक झाला. आई मात्र तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबूनही परकीच राहिली. दरवर्षी सरकारी कचेरीत हजेरी लावायची, परत यायचं, कामाला लागायचं. गेल्या जूनमध्ये ती हजेरीला गेली आणि तिथूनच तिला उचललं. आधी कोठडीत ठेवलं, मग मेक्सिकोत नेऊन सोडलं. आता ती साल्तियो गावी बहिणीच्या घरी राहत होती. अमेरिकेत तिला पाऊल ठेवता येत नव्हतं, पण हिंदुस्थानात येता येत होतं, म्हणून नातवाच्या जावळासाठी ती बंगळुरूला आली होती.

आणि निहार? त्या जूनच्या आधीच्या निवडणुकीत त्यानं ज्यांना मत दिलं, त्यांनी आपण कागद नसलेल्यांना देशाबाहेर काढणार हे भर सभेत सांगितलं होतं. निहारनं आपलं मत लपवलंही नव्हतं. तिथं बोटाला शाई लावत नाहीत, शर्टाला चिकटवायचा स्टिकर देतात. तो लावून त्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं, 'जे रांगेत उभे राहिले त्यांच्यासाठी.' मथुराबाईंनी त्या फोटोला फुलं पाठवली होती. त्यांना वाटलं, मुलाला कुठंतरी बक्षीस मिळालं.

दिवाणखान्यात निहारचे वडील जयसिंगराव त्याच्याशेजारी बसून होते. बोम्मसंद्रातला लेथचा कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला होता, आणि शून्यातून काही उभं केलेली माणसं बोलतात तसेच ते बोलत. म्हणजे समोरचा गप्प आहे म्हणून त्याला पटलंय असं धरून.

"तू काही चोरी केली नाहीस," ते म्हणाले. "मत दिलंस. मत ज्याचं त्याचं. खाली मान घालून बसू नको."

"मी खाली मान नाही घातली आबा. चहा पितोय."

"रीतसर गेलास तू. बारा वर्षं कागदासाठी थांबलास. मला माहीत आहे ते. विहीणबाई चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही त्यांच्याबद्दल. पण जायचं तर रीतसर जावं माणसानं."

विहीणबाई खरोखरच चांगल्या होत्या, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. पहिल्या दिवशी मथुराबाईंनी जरा खोडी काढावी म्हणून त्यांच्या ताटात बेळगावी मिरचीचा ठेचा वाढला होता. एल्विरानं तो चाटून पुसून खाल्ला आणि आणखी मागितला. तेव्हापासून दोघींचं भाषेवाचून जमलं. एकीनं तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकायच्या, दुसरीनं ज्वारीच्या. जयसिंगराव दोन्ही खात आणि दोन्हींना नावं ठेवत.

कालच्या जेवणातही हसणं झालं होतं, निहार यायच्या आधी. राफाएलनं इंग्रजीत विचारलं होतं की उद्या मी काय करायचं? मथुराबाईंनी सांगितलं आणि भार्गवीनं त्याला समजावलं: मामा मांडीवर घेतो, आत्या पदरात केस झेलते, आजी ओवाळते. आत्या नाही, तर केस तुझ्या आईनं झेलायचे. "आणि बाप?" त्यानं विचारलं. मथुराबाई खळखळून हसल्या. "बापाला काही काम नसतंय. बापानं नुसतं उभं राहायचं."

वरून कल्लाप्पाची हाक आली. "अक्का, पाणी गार झालं. करायचं का मी दुकानाला जाऊ? तिथं गिऱ्हाईक थांबलेत की."

"स्वल्प थांब, कल्लाप्पा. आलोच." मथुराबाईंनी हात धुतले, आणि मग घरातल्या जुन्या हुकमी आवाजात म्हणाल्या, "चला सगळी वर. जे काय भांडायचं ते पोळ्या खाऊन भांडा."

सगळी वर गेली. राफाएलच्या खांद्यावर लुकास होता. मथुराबाईंनी त्याचं नाव परस्पर लखू करून टाकलं होतं आणि आता तो दोन्ही नावांना ओ देत होता. केस त्याच्या मानेपर्यंत आले होते, काळेभोर आणि कुरळे, एल्विरासारखे.

निहार कुणी सांगायच्या आत पाटावर जाऊन बसला. नवं धोतर नेसला होता, मांडी घातली होती, सदऱ्याच्या खिशात भाच्यासाठी आणलेली चांदीची वाटी होती. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेला. त्याला तसं रांगेत पाळीची वाट बघत असल्यासारखं बसलेलं पाहून भार्गवीच्या डोक्यात तिडीक गेली.

"ऊठ," ती म्हणाली.

"भागू—"

"ऊठ म्हटलं ना अण्णा. तुला लाज कशी वाटत नाही? ती बघ तिथं उभी आहे. तिच्यासमोर बसलाईस?"

एल्विरा कठड्याशी पदर पसरून उभी होती. मथुराबाईंनी तिला आपली इरकल साडी नेसवली होती. तिला मराठी येत नव्हती, पण आवाज कळत होता.

"बसू दे त्याला," जयसिंगराव म्हणाले. "राजकारण दाराबाहेर ठेवायचं. लेकराच्या कार्यात कसलं राजकारण?"

"राजकारण? आबा, मी तिला काचेपलीकडे बघितलंय. फोनवरून बोलायचं, मध्ये काच. तिला रक्तदाबाच्या गोळ्या देत नव्हते वेळेवर. मी दर शनिवारी जात होते, या पोराला घेऊन. हा काचेवर हात आपटायचा आजी आजी करत. राफाएलला तर बघवायचं नाही, तो बाहेर गाडीतच बसून राहायचा. हे राजकारण आहे?"

"मग ते काय निहारनं केलं?"

"ज्यांनी केलं त्यांना यानं निवडून दिलं! मला तर मतच नव्हतं. मी अजून नागरिक नाही. ज्याला होतं त्यानं काय केलं? बारा वर्षं रांगेत उभा राहिला, आत गेला, आणि मागच्यांच्या तोंडावर दार लावलं."

"मी मागच्यांच्या नाही लावलं," निहार म्हणाला. "जे रांग सोडून घुसतात—"

"तिच्यासाठी रांग होतीच कुठं? सांग ना, कुठल्या खिडकीसमोर उभी राहणार होती ती? तुला डिग्री होती, कंपनी होती, वकील होता. तिच्याकडं काय होतं?"

"ते गुन्हेगारांना नेणार म्हणाले होते."

"आणि तू ऐकलंस. तू, शाळेत पहिला येणारा!"

शेजारच्या गच्चीवर गंगव्वा कपडे वाळत घालत होती. तीच ती चादर ती तिसऱ्यांदा झटकत होती. मथुराबाई कळवळून म्हणाल्या, "अगं हळू. गंगव्वा ऐकायलीय."

"तिला कन्नडात सांगू का सगळं?" भार्गवी म्हणाली. "आमच्या अण्णानं काय केलंय ते कळू दे अख्ख्या बनशंकरी वस्तीला."

निहार इतका वेळ शांत होता तो इथं थोडा सुटला. "सांग की. आणि आबांचंही सांग. वॉर्डाच्या सभेत परवा काय बोलले ते. वरच्या पुण्याच्या भाडेकरूंना काय म्हणाले ते. 'तुम्ही काल आलात, गावाची वाट लावलीत.' हेच ऐकत मी मोठा झालो, भागू. बाहेरच्यांविरुद्ध ओरडा सुरू झाला की आबा सगळ्यांच्या वर आवाज काढणार. का? तर कुणी आपल्याकडं बोट दाखवायला नको. दारावरची मराठी पाटी काढून कन्नड कुणी लावली? मी? मी तिकडं जाऊन नवीन काय केलं?"

"माझं नाव मध्ये आणू नको!" जयसिंगराव गरजले. "मी चाळीस वर्षांपूर्वी आलोय इथं. मी बाहेरचा नाही!"

"तेच म्हणतोय मी."

जयसिंगरावांनी कल्लाप्पाकडं बघितलं, जणू त्यानं काहीतरी बोलावं. कल्लाप्पानं कात्री पुसायला घेतली. त्याचं गाव चिक्कोडीकडचं, त्याला दोन्ही भाषा येत होत्या, आणि दोन्हींत गप्प कसं बसायचं हेही येत होतं.

निहार पुन्हा खाली बघू लागला. सकाळपासून तो एवढंच करत होता. आईला वाटत होतं, पोरगा शरमला. बापाला वाटत होतं, पोरगा दबला. खरं म्हणजे त्याच्या तोंडात एक गोष्ट होती आणि ती बाहेर पडू नये म्हणून तो दात आवळून बसला होता. बहिणीची प्रत्येक शिवी त्यानं ठरवून घेतली होती. भावावर रागावलेली बहीण आयुष्यभर रागावून राहू शकते आणि तरी तो भाऊच राहतो, असा त्याचा हिशेब होता. नवऱ्याचं तसं नसतं.

"ठीक आहे," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि मथुराबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली. "मामा नको. शिवकुमार नको. बापाच्या मांडीवर बसेल माझा मुलगा. ज्याची आई नेली त्याच्या मांडीवर." ती राफाएलकडं वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "तू बस पाटावर. निहार उठेल, तू बस. ही जागा तुझी आहे."

राफाएलनं आधी तिच्याकडं बघितलं, मग निहारकडं. अगदी क्षणभरच. पण मथुराबाईंनी ती नजर पकडली. दोन पोरांनी मिळून काही फोडलं असलं की एकमेकांकडं बघतात तशी ती नजर होती.

"मला काही काम नसतं म्हणालात ना तुम्ही," राफाएल हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"आता आहे. बस."

निहार उठला. राफाएल लुकासला कडेवर घेऊन पाटाशी आला, वाकला, एक गुडघा टेकवला.

"नो," एल्विरा म्हणाली.

सगळ्यांना कळणारा तो एकच शब्द होता. राफाएल तसाच गुडघ्यावर थांबला.

एल्विरा कठडा सोडून पुढं आली. पदर तिनं अजून दोन्ही हातांत पसरून धरलेला होता. तीस वर्षं इंग्रजी ऐकून तिला भार्गवीचं शेवटचं वाक्य नीट कळलं होतं. ती स्पॅनिशमध्ये बोलू लागली, सुनेकडं बघत. आणि भार्गवी सवयीनं आईबापांसाठी मराठीत सांगू लागली, जशी ती आठवडाभर सांगत होती, मिठाचं, भाजीचं, गोळ्यांचं.

"त्या म्हणतात, याच्या मांडीवर नको. म्हणतात, निवडणुकीच्या संध्याकाळी हा माझ्याकडं जेवायला आला होता. मी विचारलं, कुणाला दिलंस? तर यानं—"

भार्गवी थांबली.

"तर यानं काय?" जयसिंगराव म्हणाले. "पुढं सांग की. काय म्हणाल्या विहीणबाई?"

एल्विरा बोलतच होती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. साठवून ठेवलेलं एकदा बाहेर काढायचं ठरवलेल्या बाईसारखी सलग बोलत होती. तिचं बोलून झालं तोवर लुकासनं पाटाशेजारची कुंची उचलून डोक्यावर ओढली होती.

"भार्गवी," मथुराबाई हलकेच म्हणाल्या, "काय म्हणाली गं ती?"

भार्गवीनं आईकडं न बघता सांगितलं. "म्हणाल्या, यानं सांगितलं, त्यांनाच दिलं. मी विचारलं, मग माझं काय? हा म्हणाला, आई, तुझ्याबद्दल नाही बोलत ते. आणि मी त्याला आणखी एकदा वाढलं." तिनं श्वास घेतला. "म्हणाल्या, कोठडीत सून यायची. मुलगा यायचा नाही. त्याला बघवत नाही म्हणून नव्हे. त्याला माझ्यासमोर तोंड दाखवायचं नव्हतं."

राफाएल गुडघ्यावरून उठला. "बी—" तो तिला घरात बी म्हणायचा.

"खरं आहे?"

"इथं नको."

"खरं आहे का ते सांग."

"हो."

भार्गवी भावाकडं वळली. "तुला माहीत होतं?"

निहारनं मान हलवली. "मतदानाच्या दिवसापासूनच. त्यानं फोन केला होता मला. म्हणाला, भार्गवीला सांगू नको."

"आणि सकाळपासून शिव्या खायलास?"

"मला दे की शिव्या. मी कुठं जाणार आहे? पण तुझा संसार—"

"माझ्या संसाराची काळजी तू करू नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की लुकास दचकला. "मत देताना केलीस? दोघांनी मिळून केलंत, दोघांनी मिळून लपवलंत, आणि मी खुळी दर शनिवारी त्याला गाडीत बसवून, बिचाऱ्याला बघवत नाही म्हणून त्याच्यासाठी रडत होते! हिच्यासाठी कमी आणि याच्यासाठी जास्त रडले मी!"

राफाएलला मराठी कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. तो आता चिडून बोलू लागला, इंग्रजीत, भराभर, आणि त्या बोलण्यात लाज आणि राग यांचं इतकं एकात एक झालं होतं की ऐकणाऱ्याला कशाची बाजू घ्यावी कळेना. "पहिल्या मतापासून मी दुसऱ्या पक्षाला मत दिलं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी दिलं. चार वर्षांनी एकदा यायचे, स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलायचे, तुझ्या आईचे कागद करून देऊ म्हणायचे. केले? मी मतदार झालो तेव्हापासून ऐकतोय! आमची मतं त्यांच्या खिशातलीच, त्यांना काय पडलंय. घरभाडं वाढलं, गोदामात माझे तास कमी केले. कामावर अर्धे लोक आमच्यातलेच, सगळे म्हणायचे, नवे येणारे आपलं नाव खराब करतात, आपण तसले नाही. मलाही वाटलं, दाखवू या एकदा की आम्ही कुणाच्या खिशातले नाही. ते तसल्यांबद्दल बोलत होते, बी. तसल्यांबद्दल! माझी आई तसली आहे असं माझ्या मनातच आलं नाही. ती माझी आई आहे!"

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला.

जयसिंगराव पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. त्यांना इंग्रजी कारखान्यापुरती येत होती, पण हे त्यांना पूर्ण समजलं, आणि आपल्याला इतकं नीट समजावं याचाच त्यांना संताप आला. परवाच्या सभेत टाळ्या वाजल्या तेव्हा छातीत जी ऊब आली होती, तीच या पोरालाही आली असणार. आम्ही त्यांच्यातले नाही. आम्ही तुमच्यातले. त्यांनी जावयाकडं बघायचं टाळलं आणि कन्नडात कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "साकु." पुरे.

पण एल्विराचं अजून पुरं झालं नव्हतं. तिनं पदराचं टोक कमरेला खोचलं, मुलाजवळ गेली आणि त्याच्या कडेवरून लुकासला काढून घेतलं. राफाएलनं सोडलं नाही क्षणभर, मग सोडलं. ती निहारसमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला पाटाकडं बोट दाखवलं.

निहार जागचा हलेना. "भागू, त्यांना सांग, मी नाही बसत. माझी लायकी नाही."

भार्गवीनं सांगितलं. एल्विरानं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, आणि हे उत्तर भार्गवीनं शब्द न गाळता, एकेक शब्द दाताखाली चावावा तसं मराठीत सांगितलं.

"म्हणतात, तू परका आहेस. तू माझं काही खाल्लं नाहीस, मी तुला दूध पाजलं नाही. परक्यानं दार लावलं तर लावलं. तुझ्यावर रागवायला माझ्याकडं वेळ नाही. बस खाली."

निहार बसला. शिवी खाऊन त्याचं तोंड जेवढं पडलं नव्हतं तेवढं आता पडलं. एल्विरानं नातवाला त्याच्या मांडीवर ठेवलं, कुंची काढली, आणि पदर पुन्हा पसरून समोर उकिडवी बसली.

मथुराबाईंनी ओवाळलं. त्यांना हवं होतं ते सगळं घडत होतं. मामा पाटावर होता, पोर मांडीवर होतं, आणि भांडण थांबलं होतं. कुंकू लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

"तुझं मिटलेलं नाही अण्णा," भार्गवी म्हणाली.

"माहीत आहे."

"त्या म्हणतात तू परका. मी नाही म्हणत. म्हणून तुझं मिटणार नाही."

कल्लाप्पानं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, गार असल्याची तक्रार केली नाही, आणि लेकराचं डोकं भिजवलं. पहिली बट कात्रीनं कापली. ती एल्विराच्या पदरात पडली. दुसरी पडली. ती प्रत्येक बटेकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल, नाहीतर मुलाच्या पहिल्या केसांची आठवण असेल.

कात्री ठेवून कल्लाप्पानं वस्तरा उघडला. त्याचा गार स्पर्श झाला तसा लुकासनं भोकाड पसरलं. निहारनं त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. "झालं रे राजा, झालं, झालं," तो पुटपुटत होता आणि त्याच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं. लुकासला मामाची ओळख राहिली नव्हती. जूनपासून काल संध्याकाळपर्यंत त्यानं हा माणूस फोनवरही बघितला नव्हता. त्यानं आजीकडं हात केले, पण आजीच्या हातात पदर होता. मग त्यानं मान वळवून शोधलं, आणि सापडल्यावर दोन्ही हात तिकडं लांब केले.

"पापा! पापा!"

राफाएल पुढं झाला.

"उभा राहा," भार्गवी म्हणाली. मराठीतच म्हणाली. कालच्या जेवणात तिनं त्याला याच शब्दांचा अर्थ सांगितला होता, आणि सगळी हसली होती.

तो उभा राहिला.